सत्तावीस अंशांची विहीर

पाळीव कासवाच्या टाकीबरोबर दुकानदार एक हीटर देतो. बोटाएवढी जाड काचेची नळी, वर फिरवायची चकती, आत एक तांबडा दिवा. चकती 26 वर आणायची आणि विसरून जायचं. पाणी त्याखाली उतरलं की दिवा लागतो, पाणी तापलं की विझतो. आमच्याकडे हा दिवा गायमुखची महाशिवरात्रीची यात्रा आटोपली की विझतो, तो थेट दिवाळीच्या पुढेमागे परत लागतो. मधले सगळे महिने ती नळी पाण्यात नुसती उभी असते. मोहाडीत पाणी आपोआप तापतं. ते निववायचं कसं, हा इथला प्रश्न, आणि त्यावर हीटरच्या खोक्यातल्या घडीच्या कागदात एक ओळसुद्धा नाही. पाणी थंड करणारं यंत्रही मिळतं म्हणे. त्याची किंमत ऐकून मी पुढे चौकशी केली नाही.

तो कागद कुठल्यातरी थंड मुलखात लिहिलेला असावा. घर बारा महिने एकसारखं उबदार, बाहेर बर्फ, आणि टाकीतल्या कासवाला थंडी वाजू नये एवढीच काळजी. आमचं गाव भंडारा-तुमसर रस्त्यावर. हवामानाचे जुने, भरवशाचे आकडे हवेत तर नागपूरकडे बघावं लागतं. तिथे मे 2013 मध्ये पारा 47.9 वर गेला होता आणि डिसेंबर 2018 मध्ये 3.5 पर्यंत उतरला होता. दोन टोकांत चव्वेचाळीस अंशांचं अंतर. मे 2024 च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने सांगितलं की यंत्रच बिघडलं होतं. आमच्या ओसरीवर मात्र ते 56 ऐकून कुणी दचकलं नव्हतं. नवतप्यात दुपारी दोनला दाराबाहेर पाऊल टाकलेल्या माणसाला कुठलाही आकडा पटतो.

कासव भाच्याचं. नागपूरला शिकत असताना त्याने एका दुकानातून रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं पिल्लू आणलं. पुढे पुण्याला नोकरी लागली, खोलीवर सोबत्यांना चालेना, आणि एका रविवारी तो बादली घेऊन आला. "आत्या, थोडे दिवस तुमच्याकडे राहू द्या जी." थोडे दिवस म्हणजे किती ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आता ते पिल्लू ताटलीएवढं झालं आहे. डोळ्यामागे तांबडा पट्टा, पाठ हिरवट, पोट पिवळं. हे अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्याचं कासव, बाजारातलं नाव रेड-इअर्ड स्लायडर. तिकडे लुइझियानात त्यांची शेती होते आणि तिथून ती जगभर विकली जातात. दुकानदार सांगत नाही ते एवढंच, की हे तीस वर्षं जगू शकतं आणि मादीची पाठ फूटभरापर्यंत वाढते. आमची मादीच आहे. नराच्या पुढच्या पायांची नखं लांबलचक असतात, हिची आखूड आहेत. नाव तिला नाही. भाचा फोनवर "ती कशी आहे" एवढंच विचारतो, आणि घरात सगळ्यांना कळतं कोण ते.

हे परदेशी कासव घरात आहे म्हणून कायद्याची भीती नाही, असं भाचा म्हणाला. त्याची दुसरी बाजू त्याला मीच सांगितली. आपल्या तलावातलं, नदीतलं कासव उचलून घरात ठेवलं तर तो वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंग ठरतो. मऊ पाठीचं जे कासव आमच्याकडच्या तलावांत सापडतं ते या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. शिक्षा तीन ते सात वर्षांची, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर दंड किमान पंचवीस हजार. तरीही वीस नख्यांच्या कासवाने पैशांचा पाऊस पडतो म्हणून गावोगाव शोध घेणारे लोक आहेत. मऊ पाठीच्या कासवाला एका पायाला तीनच नख्या असतात. चारही पायांच्या मोजल्या तर बारा भरतात. पाऊस पाडायला आठ कमी.

असो. गोष्ट पाण्याची चालली होती.

आपल्या अंगात चूल सतत पेटलेली असते. मेमध्ये बाहेर 45 असो की डिसेंबरात 8, आत 37. कासवाच्या अंगात ती चूल नाही. पाणी 26 तर ती 26, पाणी 18 तर ती 18. तिची भूक, पचन, हालचाल, रोगाशी झगडण्याची ताकद हे सगळं बाहेरच्या उष्णतेवर चालतं. पाणी विशीच्या खाली गेलं की ती खाणं सोडते, आणि ते तिचं शहाणपण असतं. पोटात अन्न असताना अंग थंड पडलं तर ते पचत नाही, आतच कुजतं. फार दिवस कोमट-गार अशा मधल्याच पाण्यात राहिली तर छाती भरते. नाकाशी बुडबुडे येतात, तोंड उघडं राहतं, पोहताना एका अंगाला कलते. हे दिसलं की डॉक्टर. घरगुती उपायांची ही जागा नाही. उलट पाणी तिशीच्या वर गेलं की ती अस्वस्थ होते, टाकीच्या काचेवर पाय मारत राहते. चाळिशीच्या पुढे जीव जातो. मोठ्या कासवाला पाणी 24 ते 27, पिल्लाला त्याहून एखादा अंश जास्त, आणि पाण्याबाहेर एक कोरडी जागा जिथे 32 ते 35 ऊब मिळेल. पुस्तकी आकडे एवढेच आहेत.

या आकड्यांतला पहिला सगळे वाचतात. शेवटचा कुणी वाचत नाही.

मला वाटतं, गडबड तिथेच होते. 26 हा आकडा वाचून माणूस समाधान पावतो. पाणी 26 वर टेकवलं की आपलं काम झालं. पण कुठलंही कासव दिवसभर 26 अंशांवर बसून राहत नाही. सकाळी ते ओंडक्यावर चढतं, पाय पसरून ऊन खातं, अंग तापलं की पाण्यात उडी मारतं, खातं, आणि खाल्लेलं पचवायला परत उन्हात येतं. दुपारी खोल पाण्यात जातं. त्याचं अंग कधी 22 असतं, कधी 33. त्या सगळ्याची सरासरी काढली तर कदाचित 26-27 येईल. आपण त्याला ती सरासरी देतो आणि तिथवर पोचायची वाट बंद करतो.

याचा एक फार सुंदर पुरावा आहे. अमेरिकेत मॅथ्यू क्लुगर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात वाळवंटातल्या इग्वानांवर प्रयोग केले. इग्वाना म्हणजे मोठा सरडाच म्हणा. त्यांना जंतूंची लागण केली आणि पेटीची एक बाजू गरम, दुसरी गार ठेवली. आजारी सरडे जाऊन गरम बाजूला बसले आणि एरवीपेक्षा दोनेक अंश जास्त तापले. म्हणजे त्यांनी स्वतःला ताप आणला. अंगात ताप चढवायची सोय नाही, म्हणून तो उन्हातून घेतला. ज्यांना गरम जागा मिळू दिली नाही त्यांच्यातले जास्त मेले. हा 1975 मधला प्रयोग. पुढे कासवांमध्येही हेच दिसलं. हे वाचल्यावर मला आमच्या टाकीकडे बघवेना. तिला ताप यावा असं वाटलं तर तिने जायचं कुठे? चारही भिंतींना 26.

आमच्याकडे तलावावर मासे धरणारे एक वयस्क गृहस्थ कधीमधी मासळी घेऊन घरी येतात. जातीने ढिवर, पाण्यातला जन्म गेलेला. त्यांनी एकदा टाकीत डोकावून पाहिलं, काचेवर टिचकी मारली आणि म्हणाले, "याले चिखल नाही जी. मंग थे जाईन कुठं?" इग्वानावरचं काम त्यांनी वाचलेलं नाही.

आपल्या संतवाङ्मयात कासवीची दृष्टी हा फार जुना दृष्टांत आहे. कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही. ती दुरून नुसती पाहते आणि त्या पाहण्यानेच पिल्लं वाढतात. देवाने भक्ताकडे तसं पाहावं. ज्ञानोबांपासून तुकोबांपर्यंत हा दाखला येतो आणि लहानपणी कीर्तनात तो ऐकताना मला खरोखर डोळ्यांतून काहीतरी जात असल्यासारखं वाटायचं. खरी कासवी वाळूत खड्डा करते, अंडी घालते, वर वाळू लोटते आणि निघून जाते. मागे वळूनही पाहत नाही. पुढचं काम ऊन करतं. आणि ऊन नुसतं अंडं उबवत नाही, आत मुलगा आहे की मुलगी हेही बऱ्याच कासवांत तेच ठरवतं. 1966 मध्ये सेनेगलात मॅडलीन शार्निए या संशोधिकेला सरड्यांमध्ये असं पहिल्यांदा आढळलं, नंतर कासवांमध्ये. आमच्या या लाल कानाच्या जातीत अंडी 26 अंशांवर उबवली की नर निघतात, 31 वर उबवली की माद्या. 2018 मध्ये याच जातीवर काम करून त्यामागे कोणतं जनुक हलतं तेही शोधलं गेलं. म्हणजे आमच्या टाकीतली ही बाई बाई आहे कारण लुइझियानात किंवा आणखी कुठे, कुठल्यातरी पेटीत, तिचं अंडं एकतिशीच्या आसपास होतं. तिच्या जन्माची एवढीच माहिती आमच्याकडे आहे, आणि ती एका थर्मामीटरवरून काढलेली.

कोकणात वेळासला सह्याद्री निसर्ग मित्रच्या भाऊ काटदरे यांनी आणि गावकऱ्यांनी 2002 पासून समुद्री कासवांची घरटी राखायला घेतली, ते आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. दरवर्षी पिल्लं पाण्याकडे धावताना बघायला गर्दी होते. तिथल्या वाळूत हाच हिशोब चालू असतो. ऑस्ट्रेलियात उत्तरेकडच्या तापलेल्या किनाऱ्यांवरच्या हिरव्या कासवांत लहान पिढीतली जवळजवळ 99 टक्के माद्या निघाल्याचं 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. दोन-चार अंशांची किंमत कासवाच्या जातीला अशी मोजावी लागते.

आता मे महिना.

आमच्या घरात पूर्वी हातमाग होते. मोहाडी आणि आंधळगाव ही विणकरांची गावं, कोष्ट्यांची. मागाच्या खोलीला खिडकी लहान, भिंती मातीच्या, वर कवेलू, आणि जमिनीत खड्डा. विणकर काठावर बसून पाय त्या खड्ड्यात सोडतो आणि पायपट्ट्या दाबतो. उन्हाळ्यात बाबा या खोलीत सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपायचे, दाराला ओलं पोतं लावायचे. ते काही स्वतःला गार वाटावं म्हणून नव्हतं. हवा कोरडी झाली की सूत तुटतं, ओल असली की टिकतं. माग कधीच गेले, खड्ड्यावर फरशी आली, पण ती खोली अजूनही बाकीच्या घरापेक्षा दोन-चार अंश थंड असते. गुढीपाडव्यापासून मृगापर्यंत कासवीचा मुक्काम तिथे.

काचेची टाकी मेमध्ये कामाची नाही. काच उभी, तोंड अरुंद, चारही बाजूंनी हवा तापवते आणि पाण्याला श्वास घ्यायला जागा थोडी. उन्हाळ्यात कासवी त्या खोलीत सिमेंटच्या पसरट टाक्यात असते, ज्यात पूर्वी गुरं पाणी प्यायची. पसरट पाण्याची वाफ जास्त होते, आणि वाफ जाताना उष्णता घेऊन जाते. हिशोब करून पाहा. एक लीटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 किलोकॅलरी लागतात. टाक्यात साठ लीटर पाणी असेल आणि त्यातलं एकच लीटर उडालं, तर बाहेरून काही उष्णता आत आली नाही असं धरल्यास उरलेलं पाणी नऊ-दहा अंशांनी निवेल. बाहेरून उष्णता येतेच, म्हणून तेवढं मिळत नाही, पण तीन-चार अंश मिळतात, आणि जीव वाचवायला तेवढे पुरतात. टाक्यावरून टेबलफॅनचा वारा सोडायचा, कडेला ओलं पोतं टाकायचं, उडालेलं पाणी भरून काढायचं. बस.

हीच तर आपल्या कूलरची आणि माठाची युक्ती. बाहेर 45 अंश आणि हवेत पंधरा टक्के ओल असेल तर वाफेच्या जोरावर पाणी जास्तीत जास्त चोविसाच्या आसपास उतरू शकतं. विदर्भाचा मे माणसाला भाजतो आणि त्याच वेळी कूलरला साथ देतो. मुंबईकरांना हे सुख नाही. त्यांच्याकडे पारा पस्तिशीत, पण हवा आधीच ओली, तिथे फॅन लावून पाणी निवत नाही. मुंबईतल्या एका ओळखीच्या बाईंच्या घरी तसंच कासव आहे, त्या उन्हाळाभर बर्फाच्या बाटल्या बदलत असतात. आमच्याकडेही जुलैत कूलर फुकट जातो, नुसती दमट हवा फेकतो. पण तोवर बाहेरच पारा तिशीच्या आसपास आलेला असतो.

बर्फ मी टाकत नाही. पाण्यात बर्फ पडला की जिथे तो तरंगतो तिथे थंड, बाकी तसंच, आणि तासाभरात परत जैसे थे. कासवाला दोन अंश जास्त सोसतात, एकदम आठ अंश खाली सोसत नाहीत. छतावरच्या काळ्या टाकीचं पाणी तर मेमध्ये दिवसा वापरायचंच नाही. दुपारी त्या नळाखाली हात धरवत नाही, आणि पाणी बदलायचं म्हणून कुणी तो नळ टाक्यात सोडला तर झालं. भारनियमन असलं की फॅन बंद, गाळणीचा पंप बंद. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. कासव हवेतून श्वास घेतं, त्याला त्याने काही होत नाही, पण गाळणीत जे जीवाणू घाण पचवतात ते गुदमरतात. गरम पाण्यात अमोनियाही जास्त विषारी. म्हणून मेमध्ये तापमान सांभाळायचं म्हणजे निम्मं काम पाणी बदलण्याचंच असतं.

आणि पाणी बदलायला आमच्याकडे विहीर आहे.

घरामागच्या सांदवाडीत आजोबांच्या काळची विहीर आहे. वर जाळी, आत मोटार, पण बादली अजून उतरते. पौषात या विहिरीचं पाणी ऊन लागतं, त्यातून सकाळी वाफा निघताना दिसतात. वैशाखात तेच पाणी गार. लहानपणी वाटायचं विहीर ऋतू बघून पाणी बदलते. विहिरीत काहीच बदलत नसतं. जमिनीच्या काही मीटर खाली दिवस-रात्रीचा फरक पोचत नाही, आणखी खाली उन्हाळा-हिवाळ्याचाही पोचत नाही. मातीचे थर तो वाटेतच जिरवतात. खाली उरते ती वर्षभराच्या हवेची सरासरी, आणि आमच्या भागात ती सत्तावीसच्या आसपास आहे. आपल्या अंगाला जे बाहेर असतं त्याच्या तुलनेत ते एकदा ऊन वाटतं, एकदा गार.

थर्मामीटर बादलीत बुडवून मी हे पाहिलं तेव्हा हसू आलं. सव्वीस आणि सत्तावीसच्या मध्ये काटा. मिसिसिपीच्या कासवासाठी जो आकडा दुकानदाराने हीटरच्या चकतीवर लावून दिला होता, तोच आजोबांच्या विहिरीत आधीपासून होता, विजेशिवाय, बाराही महिने. तेव्हापासून मेमध्ये सकाळी दोन बादल्या काढायच्या, दोन घालायच्या. संध्याकाळी पुन्हा. कडक थंडीत हीटरचा दिवा लागलेला असतो तेव्हाही पाणी विहिरीचंच घालायचं, म्हणजे टाकीत एकदम गारठा जात नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं ते आदल्या दिवशी उघडं ठेवून घालवावं लागतं, विहिरीच्या पाण्याला तीही कटकट नाही. गावात पूर्वी घरोघरी विहिरी होत्या. आता कित्येकांनी त्यात कचरा टाकून वर स्लॅब ओढला. घरात सत्तावीस अंशांची साठवण होती हे त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

हिवाळ्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. खोक्यातला कागद तेवढ्यापुरता बरोबर आहे. फक्त एक. हिवाळ्यात लोक टाकी खिडकीच्या काचेआड ठेवतात आणि ऊन मिळालं असं समजतात. ऊब मिळते, पण कासवाला हाडांसाठी आणि कवचासाठी उन्हातले जे अतिनील किरण लागतात ते काच अडवते. मग पाठ मऊ पडते. उघड्यावरचं कोवळं ऊन, अर्धी सावली, आणि मांजर नाही ना हे पाहायला जवळ एक माणूस, एवढं लागतं. माघातल्या सकाळी ती फरशीवर मान ताणून, मागचे पाय पसरून पडते, तेव्हा तिला जे मिळतं ते कुठल्याही दिव्याने मिळत नाही. हाताळून झाल्यावर हात साबणाने धुवायचे, कारण कासवांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. याच कारणाने अमेरिकेत 1975 पासून चार इंचांखालच्या पाठीची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. आपल्याकडे रुपयाच्या आकाराची विकतात, मुलांसाठीच.

ढिवरबाबांचा चिखलाचा प्रश्न मात्र मागे राहिला होता. त्याचं उत्तर तलावात आहे.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून बांधलेले, पुढे मालगुजारांच्या नावावर गेलेले, आणि 1951 मध्ये मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आलेले हे तलाव. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारीचं लहान रूप. उथळ, पसरट, पाळीवर झाडं, पाण्यावर कमळाची पानं, कडेला शिंगाडा. मेमध्ये वरचं वीतभर पाणी हाताला चटका देतं, कमळाच्या पानाखाली ते बरं असतं, गुडघाभर खाली आणखी बरं, आणि तळाच्या गाळात हात घातला तर थंड. आमच्याकडचं मऊ पाठीचं कासव, ज्याच्या मागच्या पायांवर कातडीच्या झडपा असतात, ते या सगळ्या थरांत वावरतं. तलाव आटत गेला की गाळात शिरतं आणि झडपा लावून पडून राहतं. महिनोन्महिने. खाणं नाही, हालचाल नाही. मृगाचा पाऊस आला की बाहेर येतं, आणि मग पहिल्या पावसाच्या रात्री ती भंडारा-तुमसर रस्त्यावर गाड्यांच्या उजेडात दिसतात. त्याला हीटर नको, फॅन नको. त्याला हवा तो प्रत्येक अंश त्या तलावात कुठे ना कुठे असतो, फक्त तिथवर चालत जायला जागा हवी.

तलावातल्या या जागा राखायचं कामही झालं आहे. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावच्या बाजूला भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांना सोबत घेऊन तलावांतलं बेशरम नावाचं तण उपटलं, देशी पाणवनस्पती परत लावल्या, त्यासाठी कुठली वनस्पती कुठल्या खोलीवर येते हे म्हाताऱ्या ढिवरांना विचारलं. पाणवनस्पती म्हणजे माशाला चारा आणि सावली. सावली म्हणजे दोन अंश.

दुसरीकडे 2017 पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही सरकारी योजना आहे. चांगली योजना आहे, तलाव खोल व्हायला हवेत आणि गाळ शेतात जायला हवा. पण गाळ निघतो मेमध्ये, कारण तेव्हाच तलाव कोरडा असतो, आणि तेव्हाच कासव त्या गाळात असतं. जेसीबीच्या दातांना ते कळत नाही. तलावाचा सगळ्यात खोल कोपरा, जिथे ओल शेवटपर्यंत राहते, तेवढा सोडून बाकी गाळ काढला तरी योजना पूर्ण होते. ग्रामसभेत हे कुणी मांडलं तर मांडायला सोपं आहे. एक पैसा लागत नाही.

आणि ज्यांच्या घरी लाल कानाचं कासव आहे आणि ते आता नकोसं झालं आहे, त्यांना एक विनंती. ते मोहाडीच्या चौंडेश्वरीच्या दर्शनाला येताना पिशवीत घालून आणू नका, नदीत सोडू नका, तलावात सोडू नका. पुण्य लागेल असं वाटतं, पण हे कासव जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत आहे. इथलं ऊन त्याला मानवेल, इथल्या पाण्यात ते वाढेल, आणि ऊन खायच्या दगडावरून आपल्या कासवाला ढकलेल. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, आधी तिथे फोन करून विचारा. काहीच जमलं नाही तर सांभाळा. पसरट टाकं, अर्धी सावली, बसायला एक कोरडा दगड आणि विहिरीच्या दोन बादल्या. तीस वर्षं.